रविवार अख्खा बंद कशाला?

भावा, आपली ईमेल यादी (एका पत्त्यावर टाकलेलं पत्र सगळ्या सभासदांना पोचवणारी) नव्या सर्व्हरवर न्यायला रविवारी दिवसभर सगळं बंद ठेवू, असं तू म्हणतोस. कशाला? रंकाळ्याला एक फेरी मारून येईस्तोवर हे काम होतं. तयारी मात्र आधीची हवी.

डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तिचा टीटीएल, म्हणजे तो पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ८६४०० सेकंद (एक दिवस) असेल, तर निदान दोन दिवस आधी ३०० वर आण. जुना सर्व्हर चालू असतानाच सगळा डेटा, जुन्या पत्रांच्या संग्रहासकट, आरसिंकने (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) एकदा नेऊन ठेव. हेच तासन्‌तास चालतं. मग शनिवारी रात्री जुनं बंद करून पुन्हा आरसिंक. आता फक्त फरक जातो, मिनिटांचं काम. मग डीएनएस नव्या सर्व्हरकडे वळव.

मधल्या वेळेतली पत्रं हरवत नाहीत. समोरचा सर्व्हर ती रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स हे ईमेल पोचवणारं सॉफ्टवेअर तर मूळ सेटिंगनुसारच ५ दिवस थांबतं. पण जुन्या मशीनवर २५ नंबरचं पोर्ट (ईमेल आत येण्याचं दार) बंदच कर. मागं राजारामपुरीतल्या एका ऑफिसचं काम करताना मी याद्या काढल्या आणि पोस्टफिक्स चालू ठेवलं. ते बेणं ज्याला त्याला ५५० हा कायमच्या नकाराचा कोड देत बसलं, ‘असा पत्ता नाही’! ५५० मिळालं की समोरचा परत येत नाही. सोमवारी फोन घ्यायची लाज वाटत होती.

एसपीएफमध्ये (आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरने पत्र पाठवायचं याची डीएनएसमधली नोंद) नवा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, आधीच घाल, डीकेआयएमची (पत्रावरच्या डिजिटल सहीची) किल्ली सोबत ने. पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, मात्र आयपी देणाऱ्या कंपनीकडूनच लावून घ्यावी लागते. ती विनंती आजच टाक.