जुना कॅमेरा विकायचाय, घेणारा म्हणतो "माणूस पाठवतो"... काय करू?

गोरेगावची_स्नेहल
नमस्कार मंडळी. नवऱ्याचा निकॉन डी७५० आणि २४-७० ची लेन्स विकायला काढलीय. आधी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा, आता नोकरीमुळे बंद, दोन पावसाळे कपाटात पडून आहे. दोन्हीचे मिळून ८० हजार सांगितलेत. रविवारी जाहिरात टाकली आणि दहा मिनिटांत एकाचा मेसेज, भाव पण केला नाही (आपल्याकडे लोक कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घालवतात, मला तिथेच कळायला हवं होतं). म्हणे आर्मीत आहे, एअरपोर्टला पोस्टिंग, सुट्टी नाही, माणूस येऊन कॅमेरा घेऊन जाईल, पैसे आत्ताच टाकतो. मग क्यूआर कोड आला, खाली लिहिलेलं "मॅडम पहले १ रुपया डालके देखो, आर्मी अकाउंट है, डबल होके वापस आएगा". गणवेशातला फोटो असलेलं ओळखपत्र पण पाठवलंय. मी अजून काही केलेलं नाही. नवरा म्हणतो एक रुपयाच तर आहे. खरंच असं काही असतं का? आणि नसेल तर एवढी महागाची वस्तू अनोळखी माणसाला विकायची तरी कशी

लोकल_८_१४
ताई एक रुपया पण टाकू नका. तो एकाचे दोन खरंच परत करतो, तिथेच माणूस फसतो, मग पुढचा कोड पाच हजाराचा, त्याच्या पुढचा वीसचा. पैसे *घ्यायला* पिनही लागत नाही आणि काही स्कॅनही करावं लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून गेले, बाकी तो काहीही सांगो. आधी हे लोक यूपीआयवर पैसे मागणारी "रिक्वेस्ट" पाठवायचे, ती माणसामाणसांतली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, म्हणून आता सगळा जोर क्यूआरवर. ओळखपत्र तर कुणा बिचाऱ्याचं उचललेलं असणार. ब्लॉक करा, रिपोर्ट करा. आणि कधी चुकून पैसे गेलेच तर विचार करत बसू नका, लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

मुलुंडच्या_काकू
नवऱ्याला सांग एक रुपया त्याच्या खिशातून टाकून बघ 😄

फोटूवाला_परळ
मी गेली बरीच वर्षं जुनी गिअर घेतो-विकतो, थोडं लांब लिहितो. आधी फोर्टला बोरा बाजारात जाऊन दोन दुकानांत दाखवा, ते कमीच देणार पण निदान कळेल की याच्या खाली जायचं नाही. मग लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, मुंबईत दोन पावसाळे कपाटात म्हणजे फंगस असू शकतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक दिसतं. असेल तर आधीच सांगून टाका, समोरचा येऊन सापडवणार आणि मग सगळ्याच वस्तूवर संशय घेणार. शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले तो आकडा) पण जाहिरातीतच टाका, डी७५० चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकसाठी टेस्ट केलेलं, त्यामुळे जाणकार माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. जो काहीच विचारत नाही त्याला कॅमेरा नकोच असतो.

बॉडी आणि लेन्स दोन्हीच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा, पण जाहिरातीत पूर्ण नंबर दाखवू नका. भेटल्यावर बघायला देताना एका वेळी एकच वस्तू हातात द्या. एकदा माझ्यासमोर दोघं आले, एक बोलत बसला, दुसऱ्याने लेन्स काढून बॅगेत ठेवल्यासारखं केलं आणि बाहेर काढली ती तशीच दिसणारी दुसरी, मागचं कॅप वेगळ्या कंपनीचं होतं म्हणून लक्षात आलं. मेमरी कार्ड देऊ नका, डिलीट केलेले फोटो परत काढता येतात आणि ते तर दुसऱ्यांच्या लग्नांचे आहेत.

ठाण्याचा_पक्या
भेटायचं तुमच्या बँकेच्या शाखेत, वर्किंग डेला, ११ वाजता. सीसीटीव्ही असतो, वॉचमन असतो. घरी बोलवू नका. यूपीआयने देत असेल तर त्याच्या फोनवरचा हिरवा टिक बघून खूश होऊ नका, तसला स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप्स फिरतायत, आणि "क्रेडिटेड" चा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. स्वतःचं ॲप उघडून शिल्लक बघा, तोवर कॅमेरा आपल्या मांडीवर.

आणि हे कोणी सांगत नाही: पैसे समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच खात्यातून यायला हवेत. मी मागच्या वर्षी फोन विकला, घेणारा म्हणाला मित्र टाकतोय, पैसे आले, सगळं छान. तीन आठवड्यांनी माझ्या खात्यावर होल्ड, कारण ते पैसे कुणाला तरी फसवून आलेले आणि तक्रार दुसऱ्या राज्यात. फोन पण गेला, पैसे पण अडकले, पगार त्याच खात्यात, ईएमआय बाउन्स. बिल, चॅट, त्या पोराचा नंबर सगळं पाठवत बसलो तेव्हा सुटलं. त्यामुळे आता साध्या कागदावर चार ओळी लिहून घेतो, वस्तू, सिरीयल नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या, आणि ॲपमध्ये आलेलं नाव त्याच्या ओळखपत्राशी जुळवतो. कुरकुर केली तर नमस्कार.

लोकल_८_१४
@पक्या हे माहीत नव्हतं राव, मी तर गेल्या महिन्यात सायकल विकली आणि पैसे त्याच्या मेव्हण्याने टाकले 😐

गोरेगावची_स्नेहल
अपडेट देते. त्या आर्मीवाल्याला ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नंबरवरून शिव्या आल्या. काल कांदिवलीचा एक कॉलेजचा मुलगा वडिलांना घेऊन बँकेत आला. त्याने टॉर्च मारला आणि कडेला एक छोटा डाग सापडलाच, परळवाल्या दादांचं ऐकून मी आधीच बघायला हवं होतं, ४ हजार कमी केले. पैसे वडिलांच्या खात्यातून आले, मी पक्याभाऊंचं आठवून त्यांचं ओळखपत्र मागितलं तर ते म्हणाले "बरोबर आहे, मीही तुमचं बघतो". सह्या झाल्या. पाऊण तास लागला, वॉचमनने दोनदा विचारलं काय काम आहे.

फोटूवाला_परळ
छान. ५० एमएम ची लेन्स पण असेल ना घरी? विकायची असेल तर सांगा, बँकेतच भेटू.