मदत हवी आहे : क्षारांनी बुजलेला शॉवर कसा स्वच्छ करावा?

नमस्कार. आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. उजनीचे पाणी रोज येत नसल्यामुळे आंघोळीसाठी बहुतेक वेळा बोअरचेच पाणी वापरावे लागते, आणि ते किती क्षारयुक्त असते हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. शॉवरवर पांढरा, खरखरीत थर बसला असून निम्म्या छिद्रांतून पाणीच येत नाही. काही धारा तर तिरक्या होऊन थेट भिंतीवर जातात.

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्यात तो विरघळतो, हे ठाऊक आहे. अडचण अशी की शॉवर इतका घट्ट बसला आहे की पान्याने जोर लावल्यास भिंतीतला आटाच तुटेल अशी भीती वाटते. म्हणून व्हिनेगर भरलेली प्लास्टिकची पिशवी शॉवरलाच रबरबँडने बांधून ठेवावी असा विचार आहे. परंतु क्रोमचा मुलामा खराब होऊ नये यासाठी ती किती वेळ ठेवावी, आणि व्हिनेगरमध्ये पाणी मिसळावे का? दुकानदाराने फरशीचे ॲसिड सुचवले, पण ते मुलाम्यावर ओतण्याची माझी मुळीच तयारी नाही. तसेच, छिद्रांत सुई चालवावी की जुना टूथब्रश पुरेसा होईल, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.