जुनी रिओहा हिवाळ्यात उघडताना: तापमान, साका आणि डिकँटर

द्राक्षवेल
स्पॅनिश रेड वाइनच्या दोन बाटल्या आहेत: रिओहा ग्रान रेसेर्वा 2001 आणि रिबेरा देल दुएरो रेसेर्वा 2014 (रिओहा आणि रिबेरा हे प्रदेश, रेसेर्वा आणि ग्रान रेसेर्वा या जास्त मुरवलेल्या वाइनच्या प्रती, आकडा द्राक्षांच्या हंगामाचा). दोन्ही आडव्या, साधारण 13 अंशांवर ठेवलेल्या. जेवणाच्या खोलीत हीटर असतो, तापमान 23 च्या आसपास. बाटल्या किती आधी बाहेर काढाव्यात? डिकँटर (वाइन ओतून तिला हवा द्यायचं काचेचं भांडं) दोन्हींना लागेल का? आधी कुठली उघडावी? जाणकारांनी सांगावं.

तळघर
2001 वाली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, दोन दिवस मिळाले तर उत्तम. इतक्या वर्षांत रंगद्रव्यं आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारी तुरट द्रव्यं) एकमेकांना चिकटून त्यांचा साका तयार होतो. आडव्या बाटलीत तो कडेला बसलेला असतो, बाटली हलली की वाइनभर पसरतो आणि प्रत्येक घोट कडवट, मातकट लागतो.

तापमान 16 ते 17 अंश. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला हीटर नसलेल्या घरांच्या काळातला आहे. 23 अंशांवर अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि जुन्या वाइनचा नाजूक वास त्याखाली दबतो. उलट 12 वर टॅनिन तुरट वाटतात आणि वास मिटून जातो. 13 वरून 16 वर यायला तुमच्या खोलीत पाऊण तासाच्या आसपास पुरे. पेल्यात ती आणखी चढतेच, म्हणून थोडी थंडच ओता. घाई म्हणून हीटरजवळ मात्र ठेवू नका, बाटलीची एक बाजू तापते आणि आतली वाइन थंडच राहते.

ओक_पिंप
डिकँटरबद्दल माझं मत: 2001 ला तासभर हवा देऊ नका. रिओहाच्या ग्रान रेसेर्वाला किमान 5 वर्षं मुरवावं लागतं, त्यातली किमान 2 ओकच्या पिंपात. म्हणजे बाटलीत जाण्याआधीच तिने पिंपातून पुरेशी हवा घेतलेली असते. वर वीसेक वर्षं बाटलीत. वाळलेलं अंजीर, चामडं, तंबाखू, अमेरिकन ओकचा व्हॅनिला-नारळ हे सगळं जास्त हवेत झपाट्याने विरतं. साक्यासाठी गाळायचीच असेल तर पिण्याच्या अगदी आधी: बाटलीच्या मानेमागे दिवा धरून एका लयीत, न थांबता ओतायची. मानेत काळी रेघ दिसली की थांबा. तळाची अर्धी वाटी वाया गेली तरी चालेल.

रिबेराचं उलट. तिथले मळे बरेचसे 750 मीटरच्या वर, टेम्प्रानियो जातीची द्राक्षं तिथे जाड सालीची, त्यामुळे टॅनिन दणकट. 2014 ला डिकँटरमध्ये तास-दीड तास द्या.

तळघर
सहमत, फक्त एक पुस्ती. 2001 उघडल्यावर पहिला वास कोंदट आला तर लगेच खराब ठरवू नका. पेल्यात 10-15 मिनिटांत तो जायला हवा. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही, उलट वाढतो. तो बुचाचा दोष, त्याला इलाज नाही.

बुचाची काळजी जास्त घ्या. 20 वर्षांचं बूच भुसभुशीत असतं. स्क्रूने मधोमध ओढलं की तुकडा तुटून आत पडतो. दोन पात्यांचं ओपनर बूच आणि काच यांच्यामध्ये डावं-उजवं डोलवत घालायचं आणि पिळत काढायचं. आत तुकडे पडलेच तर स्वच्छ मलमलीतून गाळा, कागदी फिल्टर वापरू नका, त्याचा वास लागतो.

ओक_पिंप
क्रम: आधी जुनी, मग रिबेरा. दणकट वाइन आधी घेतली की नंतरची 2001 पाणचट वाटते, आणि दोष वाइनचा नसतो. सोबतचं खाणंही त्याच हिशोबाने. 2001 बरोबर साधं भाजलेलं कोकरू किंवा फार न मुरलेलं मान्चेगो चीज. पिमेंतोन (स्पॅनिश लाल मिरचीची पूड) घातलेला झणझणीत चोरिसो सॉसेज रिबेरासाठी राखा.

द्राक्षवेल
आभारी आहे. 2001 अर्धी उरली तर दुसऱ्या दिवशी चालेल का?

तळघर
नको, उघडली की त्याच संध्याकाळी संपवा. रिबेरा बूच लावून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते, पिण्याआधी तासभर बाहेर काढा.