मदत हवी आहे: पाणथरी (प्लीहा) काढायची आहे, दुर्बिणीने की पोट उघडून?

बहीण, वय ३४, दीड वर्षापासून आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार). स्टेरॉइड कमी केलं की प्लेटलेट १५-२० हजारांवर येतात. सोनोग्राफीत पाणथरी १०.८ सेंमी. एक सर्जन दुर्बिणीने करू म्हणतात, दुसरे पोट उघडूनच. कुणाचं ऐकावं? आधी काय तयारी करावी?

प्रतिसाद १
१०.८ म्हणजे पाणथरी वाढलेलीच नाही. आयटीपीत बहुधा असंच असतं आणि अशा वेळी पहिली पसंती दुर्बिणीलाच. पाणथरी २० सेंमीच्या पुढे गेली, सिरॉसिसमुळे (यकृत कडक झाल्याने) पोर्टल शिरेतला, म्हणजे यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब वाढला किंवा अपघातात पाणथरी फुटून रक्तदाब कोसळला, तर पोट उघडणं बरं.

पेशंटला उजव्या कुशीवर झोपवून तीन-चार छिद्रं पाडतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. आधी मोठ्या आतड्याकडचा पडदा सोडवतात, मग जठराकडच्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतात, शेवटी मुख्य धमनी आणि शीर स्टेपलरने. खरी जोखमीची जागा हीच. स्वादुपिंडाचं शेपूट तिथून बहुतेकांत जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतं, काहींत तर चिकटूनच. ते स्टेपलरमध्ये सापडलं की रस गळतो, डाव्या बाजूला दुखतं, ताप येतो. सुटलेली पाणथरी पिशवीत घालतात, पिशवीचं तोंड छिद्रातून बाहेर ओढतात आणि आतल्या आत चुरून तुकडे काढतात. पिशवी फाटली तर सांडलेले तुकडे पोटात रुजतात आणि प्लेटलेट पुन्हा खाऊ लागतात.

सर्जनना एक नक्की विचारा: जास्तीची पाणथरी शोधणार ना? शंभरात १० ते २० जणांना मुख्य पाणथरीजवळ वाटाण्याएवढी दुसरी असते. ती राहिली तर आजार उलटू शकतो. रक्ताने सगळं लाल व्हायच्या आत, सुरुवातीलाच शोधावी.

रक्तस्राव आवरला नाही तर दुर्बीण सोडून पोट उघडतात. त्याला अपयश समजू नका, संमतीपत्रात ते आधीच लिहिलेलं असतं.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण मला लसींची जास्त काळजी वाटते. पाणथरी नसली की काही जंतूंचा संसर्ग झपाट्याने बळावतो, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंच्या लसी ऑपरेशनच्या किमान २ आठवडे आधी झाल्याच पाहिजेत. गेल्या सहा महिन्यांत रिटुक्सिमॅब (आयटीपीवरचं एक औषध) दिलं असेल तर लस नीट लागत नाही, म्हणून ते आधी सांगा.

प्लेटलेटची पिशवी लागलीच तर धमनी बांधल्यावर चढवतात. आधी चढवली तर पाणथरीच ती फस्त करते.

नंतर पहिल्या काही आठवड्यांत पोट दुखून ताप आला तर पोर्टल शिरेत गुठळी झाली नाही ना, हे डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) बघून घ्या. आणि पुढे जन्मभर, ताप आला की 'उद्या बघू' नको, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. कुत्रा चावला तरी तसंच. मलेरियाच्या भागात जाणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ता
लसींचं कुणीच बोललं नव्हतं! दुसरे सर्जन अनुभवी आहेत, म्हणून मन तिकडे ओढतंय.

प्रतिसाद १
अनुभव कशाचा, ते विचारा. दुर्बिणीने पाणथरी किती काढल्या आणि त्यातल्या किती वेळा पोट उघडावं लागलं? दुर्बिणीचा सराव नसलेल्या हाताला आग्रह करून दुर्बीण धरायला लावू नका. दोघांपैकी कुणाकडेही ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी लसींची तारीख ठरवा.