मदत हवी आहे: एमएनडी, बायपॅपचा मास्क आणि न सुटणारा कफ

वडील, वय ६२, एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाणारा आजार). पंजांचे स्नायू झडलेत, गिळायलाही त्रास होतो. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली हवा, अपेक्षित प्रमाणाच्या टक्क्यांत) बसून ४८ टक्के, आडवं केल्यावर ३६, म्हणजे श्वासपटल (डायफ्राम) कमजोर झालंय. रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन): एसटी मोड (स्वतः श्वास घेतला नाही तर मशीन देतं), आयपॅप (श्वास घेतानाचा दाब) १४, ईपॅप (सोडतानाचा दाब) ४, रेट (मिनिटाला किमान श्वास) १४. सकाळची डोकेदुखी त्याने थांबली. (नुसता ऑक्सिजन लावा असं शेजारीपाजारी सुचवतात, त्याने कार्बन डायऑक्साइड साचायचा धोका, म्हणून नाही.)

झोपेत जबडा सुटतो आणि नाकाच्या मास्कची हवा तोंडावाटे निघून जाते. हनुवटीच्या पट्ट्याने फरक नाही. नाक-तोंड झाकणारा मास्क घ्यावा तर उलटी झाल्यास त्यांना स्वतः काढता येणार नाही. अशांसाठी काय वापरता?

दुसरं, खोकल्याचा जोर मिनिटाला १९० लिटर. २७० च्या खाली मदत लागतेच. कफ असिस्ट (हवा आत भरून लगेच बाहेर ओढणारं, खोकायला मदत करणारं मशीन) अधिक-उणे ४० दाबावर ठेवलं की घसाच आवळतो, हवा आत जात नाही. २० पासून सावकाश चढवत, आत भरायचा वेळ वाढवून कुणाला जमलंय का? ग्लायकोपायरोलेट या औषधाने लाळ आटली, पण कफ चिकट झाला. डोस कमी करायचा की सलाइनचं नेब्युलायझेशन (मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून देणं) वाढवायचं, हे डॉक्टरांना विचारणार आहोतच. तुमच्याकडे काय केलं?