बॅकलिट काळवीट कृष्णधवल केला की सगळं राखाडी होतंय, कुठे चुकतंय?

माळरान (धागाकर्ता)

रेहेकुरी काळवीट अभयारण्याच्या माळावरचा फोटो आहे. काळवीट नर, अंगावर पूर्ण काळा रंग चढलेला, आडवा उभा, मान किंचित कॅमेऱ्याकडे. सूर्य त्याच्या मागे उजवीकडे, नुकताच वर आलेला. आजूबाजूला वाळलेलं कुसळी गवत, मागे कळप गेल्याची धूळ. ४०० मिमी, एफ ५.६, १/१६००, आयएसओ ८००, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे १. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), २४ मेगापिक्सेल.

रंगीत फोटोत शिंगांची कड आणि गवताची कुसळं सोनेरी पेटलेली दिसतात. लाईटरूममध्ये (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) कृष्णधवल केलं की मात्र धूळ, गवत आणि अंग एकाच राखाडीत बुडतं. म्हणून शॅडोज (गडद भाग उजळणारा स्लायडर) +८० आणि क्लॅरिटी (मधल्या टोनांचा उठाव) +५० केलं, तर पाठीभोवती पांढरट वलय आलं आणि मानेवर नॉइज (दाणेदार ठिपके) उठला. निळा स्लायडर उणे ६० वर नेला, तर पोटाच्या पांढऱ्या भागाजवळ डाग पडले.

ए३ प्रिंट काढायची आहे. चेहरा दिसायला हवा की सरळ छायाकृती करावी, यावरही मत हवं आहे.

---

काळापांढरा

शॅडोज +८० हीच मुख्य चूक आहे. या फोटोत खरी संपत्ती एकच: शिंगांवरून, कानांवरून आणि पाठीवरून गेलेली प्रकाशाची बारीक कड. ती चमकायची तर तिच्या शेजारी काळं लागतं. अंग उजळलंत की कडेला उठून दिसायला जागाच उरत नाही.

राखाडी होण्याची कारणं दोन. पहिलं, सूर्य फ्रेमच्या जवळ असला की लेन्सच्या आत प्रकाश पसरतो आणि सगळ्या फोटोवर पातळ पडदा चढतो. हिस्टोग्राम (गडद ते उजळ टोनांचा आलेख) पाहा: डावीकडे थोडी जागा रिकामी असेल, म्हणजे फाइलमध्ये खरा काळा कुठेच नाही. रंगीत फोटोत हे खपतं, कारण पडदाही सोनेरी असतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सकाळच्या या उजेडात धूळ, गवत आणि कड तिन्ही पिवळ्या-नारिंगी. कृष्णधवल मिक्सर रंगावरून टोन वेगळे करतो. रंगच एक असेल तर तो बिचारा वेगळं काय करणार? तेव्हा रंगांतला फरक आधी वाढवायचा आणि मग रंग काढायचा.

क्रम असा ठेवा.

नॉइज सगळ्यात आधी काढा, फोटो रंगीत असतानाच. त्यानंतर लेन्स करेक्शनमध्ये कडांवरची रंगीत रेघ म्हणजे क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन काढायची खूण करा.

मग व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेचा हिशेब). फाइल ५५०० केल्विनच्या आसपास असेल, ती ४३०० ते ४५०० वर आणा. रंगीत फोटो विचित्र दिसेल, दिसू दे. सावलीतल्या अंगावर आकाशाचा निळसर उजेड पडलेला असतो, तो आता उघड निळा होतो. कड पिवळी राहते. झाले दोन रंग. आणखी एक फायदा: लाल चॅनल थोडा खाली येतो, त्यामुळे कडेतले फुटलेले वाटणारे भाग बऱ्याचदा परत सापडतात. ४००० च्या खाली मात्र जाऊ नका. उबदार उजेडात निळ्या चॅनलला मुळातच कमी प्रकाश मिळालेला असतो. तो ताणला की नॉइजही ताणला जातो. तुमचे डाग त्यातलेच.

आता व्ही दाबून कृष्णधवल करा. मिक्सरमध्ये पिवळा +२०, नारिंगी +२५, निळा उणे १५, अ‍ॅक्वा उणे १०. इथून सुरुवात करा आणि डोळ्यांनी ठरवा. शेजारशेजारच्या दोन रंगांत ४० पेक्षा जास्त अंतर पडलं की जिथे एक रंग दुसऱ्यात मिसळतो तिथे कडा फाटतात. पोटाजवळ नॉइजबरोबर हेही झालंय: पांढऱ्या केसांत वरून आकाशाचा निळा आणि खालून गवताचा पिवळा, दोन्ही मिसळलेले आहेत.

शेवटी कर्व्ह (टोन कमी-जास्त करणारी रेषा). पॉइंट कर्व्हचं खालचं डावं टोक उजवीकडे सरकवा, इनपुट साधारण १२ ते १५. पडदा तिथेच उतरतो. मग वरच्या चतुर्थांशात एक बिंदू घेऊन थोडा वर. शॅडोज शून्य किंवा उणे १५, हायलाइट्स उणे २०, त्याहून खाली नको. कड राखाडी पडली की फोटोच गेला. ऑल्ट धरून ब्लॅक्सचा स्लायडर ओढा आणि मानेचा थोडासाच भाग पूर्ण काळा होईल तिथे थांबा.

चेहऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण छायाकृती करू नका. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीच्या भाषेत सांगायचं तर (० पूर्ण काळा, १० पूर्ण पांढरा) अंग झोन २ वर, गाल ३ वर, कड ८ वर. काळविटाच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं आणि हनुवटी सावलीतही ४-५ पर्यंत येतात. तेवढं दिसलं तरी प्राणी जिवंत वाटतो. डोळ्यावर लहानसा रेडियल मास्क (गोल निवड), फेदर (कडेचा मऊपणा) १००, एक्सपोजर +०.४. पूर्ण छायाकृती शोभते ती चारही पाय सुटे दिसत असतील आणि मागे मोकळं आकाश असेल तेव्हा. इथे पाय गवतात आहेत, त्यामुळे खालचा अर्धा भाग नुसता काळा ठोकळा दिसेल.

---

शिंगरेषा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, वलयाबद्दल थोडी भर.

शॅडोज, हायलाइट्स आणि क्लॅरिटी हे तिन्ही स्लायडर आजूबाजूचा उजेड बघून काम करतात. एका बाजूला काळी पाठ, दुसऱ्या बाजूला तेजस्वी धूळ अशी सीमा आली की हिशेब दोन्हीकडे सांडतो, तेच वलय. कर्व्ह प्रत्येक पिक्सेलला त्याच्या मूल्यावरून हलवतो, शेजाऱ्याकडे बघत नाही, म्हणून कर्व्हने वलय येत नाही. बॅकलिट फोटोत कॉन्ट्रास्ट हवा असेल तर आधी कर्व्हकडे जा. क्लॅरिटी फार तर +१०, तीही फक्त शिंगांवर; पिळाच्या वळ्या तेवढ्याने उठतात.

एक वलय मात्र लेन्सचं असतं. शिंगांच्या कडेला १००% झूम करून जांभळी किंवा हिरवी रेघ आहे का पाहा. वर सांगितलेल्या नुसत्या खुणेने ती जात नाही. लेन्स करेक्शनच्या मॅन्युअल भागात डीफ्रिंज आहे, तिथे पर्पल अमाउंट ३ ते ६. हे रंगीत असतानाच करा, कारण नंतर रेघ राखाडी होते आणि ती प्रकाशाची कड आहे की लेन्सचा दोष, हे ओळखताच येत नाही.

मास्कचाही एक सापळा आहे. "सिलेक्ट सब्जेक्ट" कानांतले आणि पाठीवरचे उजळलेले केस हमखास कापतं. मग पार्श्वभूमी गडद केली की ते केसही गडद होतात आणि प्राणी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उपाय सोपा: बॅकग्राउंड मास्क घ्या आणि त्यातून ल्युमिनन्स रेंज (उजळपणावरून केलेली निवड) ७० ते १०० वजा करा. तेजस्वी केस आणि कुसळं आपोआप वाचतात. एक्सपोजर उणे ०.५ ते ०.७ पुरे.

धुळीवर डीहेझ मारू नका. धूळ हाच या फोटोतला प्रकाश आहे. डीहेझ तिला धुकं समजून पुसायला जातं आणि तिथे ठिगळं पडतात. उलट धुळीच्या भागात टेक्स्चर उणे १० ते १५ करा, ती मऊ होते आणि कुसळं तिच्यापुढे टोकदार दिसतात. डीहेझ वापरायचंच तर फक्त प्राण्यावर, +८ ते +१०, पडद्याने गेलेला काळा परत आणण्यापुरतं.

---

माळरान

दोघांचेही आभार. ४४०० केल्विन आणि कर्व्ह, बाकी सांगितल्याप्रमाणे केलं. कड सुटी झाली, वलय गेलं. आता नवीन अडचण: पुढचं, फोकसबाहेरचं गवत इतकं उजळलंय की डोळा आधी तिकडेच जातो. आणि आकाशाची वरची पट्टी कोरी पांढरी आहे. लाल फिल्टरचं प्रोफाइल लावून पाहिलं, काही फरक नाही.

---

काळापांढरा

आकाशाचं आधी. लाल फिल्टर निळं आकाश गडद करतो. सूर्याच्या बाजूचं आकाश निळं नसतंच, पांढरं-पिवळं असतं. फिल्टरला पकडायला तिथे काही नाही, उलट तो पिवळ्याला उजळच करतो. ती पट्टी शिंगांच्या टोकांच्या वर असेल तर सरळ कापा. टोकांच्या वर शिंगांच्या लांबीच्या निम्मी तरी जागा ठेवा. कापता येत नसेल तर कोरा पांढरा राखाडी करू नका, मळकट कागदासारखा दिसतो. गेलेला हायलाइट परत येत नाही.

गवतासाठी खालून लिनियर ग्रेडियंट, काळविटाच्या गुडघ्यापर्यंत. त्याला ल्युमिनन्स रेंज ५५ ते १०० ने इंटरसेक्ट करा, म्हणजे फक्त उजळ पाती धरली जातील. हायलाइट्स उणे ४०, एक्सपोजर उणे ०.६. सगळं गवत विझवू नका. प्राण्याच्या पायांजवळची काही पाती उजळ राहिली तर नजर तिथून वर चढते. फोटो बारीक करून, अंगठ्याच्या नखाएवढा पाहा. सगळ्यात उजळ ठिपका शिंगांवर किंवा पाठीवर असला की काम झालं.

पुढच्या वेळी शूट करताना: हूड लावाच, पुढचा यूव्ही फिल्टर काढा आणि पुढची काच पुसा. काचेवरची बारीक धूळ बॅकलाइटमध्ये थेट पडदा बनते. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम आतल्या जेपेगवरून बनतो, त्यामुळे सकाळी लाल चॅनल फुटलेला दिसला तरी रॉमध्ये बहुतेक वेळा अजून थोडी जागा असते. तरी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे १ पेक्षा उणे १.३ ते १.७ बरं, कारण अंग तसंही काळंच ठेवायचं आहे.

---

मोकळंसॉफ्टवेअर

लाईटरूम नसलेल्यांसाठी डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरची वाट, कारण हा प्रश्न नेहमी येतो.

कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलचा पहिला इन्स्टन्स (प्रत) व्हाइट बॅलन्ससाठीच राहू द्या. दुसरा इन्स्टन्स उघडा, त्यात ग्रे टॅब. लाल ०.६, हिरवा ०.४, निळा ०. निळा शून्य ठेवल्याने सावलीतलं अंग आपोआप गडद होतं आणि सगळ्यात जास्त नॉइज असलेला चॅनल हिशेबातूनच बाहेर पडतो. बेरीज १ च्या आसपास ठेवा, नाहीतर एक्सपोजर हलतं. सिग्मॉइड या टोन ठरवणाऱ्या मॉड्यूलचा कॉन्ट्रास्ट १.५ वरून १.८ ते २.०. पुढचं गवत खाली आणायला टोन इक्वलायझर, हाताने आखलेल्या (ड्रॉन) मास्कसह. नॉइजसाठी डीनॉइज प्रोफाइल्ड, तोही आधी.

या पद्धतीत रंगवार स्लायडर नाहीत, त्यामुळे कडा फाटण्याची भीती फारशी नाही. बॅकलिट फोटोंसाठी मला ही पद्धत जास्त खात्रीची वाटते.

---

शिंगरेषा

स्पर्धेला पाठवणार असाल तर एक सूचना. पीएसए, फियाप आणि आरपीएस या छायाचित्रण संस्थांच्या सामायिक नेचर व्याख्येत पूर्ण ग्रेस्केल चालतं; अंशतः रंग ठेवणं किंवा अंशतः टोनिंग चालत नाही. प्रोसेसिंगमध्ये व्हिन्येट घालायला मनाई आहे आणि मूळ दृश्यातल्या गोष्टी लपवण्यासाठी भाग गडद करायलाही. म्हणजे मागचं कुंपण किंवा दुसरं हरीण काळ्यात बुडवलंत तर फोटो बाद होऊ शकतो. क्लोन करून कुसळ काढणंही नाही. क्रॉप आणि सरळ करणं चालतं. घरच्या भिंतीसाठी यातलं काही आड येत नाही, पण दोन फाइल वेगळ्या ठेवा.

---

कागदशाई

प्रिंटचं कुणी बोललं नाही म्हणून.

ए३ ला ३०० डीपीआयने ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचं थोडं क्रॉप केलंत तर २४० डीपीआयही चालेल, म्हणजे २८०६ × ३९६९. मॅट कागद या फोटोला टाळा. मॅटवर काळा तितका खोल जात नाही, आणि हा फोटो काळ्यावरच उभा आहे. लस्टर किंवा बरायटा (चमक असलेले कागद) घ्या.

स्क्रीनची ब्राइटनेस १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा. पूर्ण उजळ स्क्रीनवर मान नीट दिसते आणि प्रिंटमध्ये काळा डबा होतो, ही तक्रार रोजची. सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कशी दिसेल याची स्क्रीनवरची झलक) लावून मान आणि गालाचं मूल्य वाचा: ० ते २५५ मध्ये १० च्या खाली असेल तर कागदावर तपशील मिळणार नाही. अंगाचा मुख्य भाग १५ ते २५, गाल ३० ते ४० ठेवा. कडेचा सर्वात उजळ भाग २४५ पर्यंत. २५५ वर शाईच पडत नाही आणि तिरप्या उजेडात तिथला कागद वेगळा चमकतो.

धुळीच्या मऊ उतारावर पट्ट्या दिसल्या तर ८ बिट जेपेगऐवजी १६ बिट टिफ द्या आणि ग्रेन अमाउंट १५ ते २०, साइज २५ टाका. ग्रेनमुळे पट्ट्या मोडतात. लॅब टिफ घेत नसेल तर ग्रेन घातलेली जेपेग, गुणवत्ता कमाल. पूर्ण प्रिंटच्या आधी शिंगं, डोळा आणि धूळ येईल अशी १० सेंटिमीटरची पट्टी त्याच कागदावर काढून, जिथे फोटो टांगायचा त्या भिंतीवर धरून पाहा.