‘मास्टर’ची पाटी निघाल्यावर पुढे काय? सचिन, महेश कोठारे आणि इतर

खर्डेघाशी:
सचिन पिळगांवकर आणि महेश कोठारे हे दोघंही साठच्या दशकातले, नावामागे ‘मास्टर’ लागणारे बालकलाकार. दोघंही पुढे नायक, दिग्दर्शक, निर्माते झाले आणि टीव्हीवरही टिकले. त्यांच्या बरोबरीची बरीच मुलं मात्र मिसरूड फुटल्यावर दिसेनाशी झाली. याला नशीब म्हणायचं, की या दोघांनी नेमकं काहीतरी वेगळं केलं? आणि एक जोडप्रश्न: आज एखाद्या मुलाला मालिकेत काम मिळालं, तर पैसा आणि शाळा यांचा बंदोबस्त कायद्याने कसा होतो?

रीळवाला:
नशीब आहेच, पण तारखा लावून बघा. सचिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १९५७चा. ‘हा माझा मार्ग एकला’मधून सुरुवात, मग १९६७ साली ‘मझली दीदी’ आणि ‘ज्वेल थीफ’. ‘शोले’चं चित्रीकरण ऑक्टोबर १९७३मध्ये सुरू झालं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. इमामसाहेबांचा अहमद म्हणजे धड मूल नाही, धड तरुण नाही. या वयाच्या भूमिका मुळातच कमी लिहिल्या जातात. आवाज फुटलेला, उंची अर्धवट, आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर अजून तोच गोंडस चेहरा. बहुतेक जण इथेच गळतात.

त्यांना तारलं ते १९७५च्या ‘गीत गाता चल’ने. राजश्री या चित्रसंस्थेच्या त्या साध्या, गावाकडच्या गोष्टींना कोवळा नायकच हवा असायचा. मग ‘बालिका बधू’ (१९७६), ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८), ‘नदिया के पार’ (१९८२). पण त्याच काळातल्या मोठ्या मारधाडीच्या चित्रपटांत तो चेहरा चालेना. ‘त्रिशूल’मध्ये दुय्यम भूमिका, ‘सत्ते पे सत्ता’मध्ये सात भावांतला एक. म्हणजे कोवळेपणावर मिळणारी कामं कुठवर पुरणार हे १९८२पर्यंत दिसायला लागलं होतं, आणि नेमकं त्याच वर्षी त्यांनी ‘मायबाप’ दिग्दर्शित केला. माझ्या मते खरं वळण ते. नायक होणं नव्हे.

गिरगावचा_गणू:
रीळवाला यांना पुस्ती. दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी स्वतःला कसं वापरलं तेही बघा. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) सुधीरची सुधा होते. जो गुळगुळीत चेहरा हिंदीत अडचणीचा, तोच इथे कथेचं भांडवल. शिवाय सिनेमाचा भार एकट्यावर नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे बरोबरीला. (मूळ कल्पना ‘बीवी और मकान’ची, पण ते ‘सत्तर रुपये वारले’ खास मराठीच.)

कोठाऱ्यांचंही गणित तेच. ‘छोटा जवान’ (१९६३), ‘राजा और रंक’मध्ये (१९६८) दुहेरी भूमिका, मग वकिलीचं शिक्षण, आणि १९८५ला ‘धुमधडाका’. तोही ‘प्यार किये जा’वर बेतलेला, म्हणजे गोष्ट चालते हे आधीच माहीत. स्वतः नायक, पण हशे अशोक-लक्ष्याच्या वाट्याला. पुढे ‘झपाटलेला’त (१९९३) तर खरा भाव तात्या विंचू खाऊन जातो! स्वतःला मागे ठेवण्याची ही तयारी लहानपणी टाळ्या मिळालेल्यांना सहसा जमत नाही.

टीव्हीचंही तसंच. सचिन यांनी ‘तू तू मैं मैं’ दिग्दर्शित केली. पडद्यावर सासू-सून रीमा आणि सुप्रिया. कोठाऱ्यांनी २०१४ला ‘जय मल्हार’ आणली.

चित्रपंचांग:
फक्त दिग्दर्शन हीच वाट असं मात्र नाही. सारिका लहानपणी मुलग्यांच्या भूमिका करायच्या. ‘गीत गाता चल’ची नायिका त्याच. पुढे ‘हे राम’च्या वेशभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार आणि ‘परज़ानिया’साठी अभिनयाचा. हनी इराणी लेखनाकडे वळल्या, ‘लम्हे’ त्यांचा. उर्मिला मातोंडकर ‘मासूम’नंतर (१९८३) अभिनयातच राहिल्या, तरी ‘रंगीला’ यायला १९९५ उजाडलं.

आणि सचिन यांना वयाला साजेशी मोठी भूमिका मिळाली ती थेट २०१५च्या ‘कट्यार काळजात घुसली’त. खाँसाहेब. गाता गळा राहुल देशपांडे यांचा, पण डोळ्यांतला मत्सर यांचा स्वतःचा. ‘महागुरू’ म्हणून थट्टा करणाऱ्यांनी तो एकदा नीट बघावा.

नियमावली:
जोडप्रश्नाचं उत्तर. २०१६ची बालकामगार कायद्यातली दुरुस्ती आणि २०१७चे नियम बघा. चौदा वर्षांखालच्या मुलासाठी निर्मात्याने, जिथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. सोबत नमुना ‘क’मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती. हमीपत्र सहा महिनेच चालतं. मालिका लांबली की नवं. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा. शाळा बुडू नये ही जबाबदारीही निर्मात्याची.

पैसा: मिळकतीचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत, सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती. घोळ होतो तो इथेच. मुलाचं पॅनकार्ड नसलं की १०ऐवजी २० टक्के कर कापला जातो, आणि मानधन आईबाबांच्या खात्यात गेलं की हिशेब त्यांच्या नावावर दिसायला लागतो. वास्तविक अंगच्या कलेतून मिळवलेलं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, मुलाचं विवरणपत्र वेगळं भरायचं. ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणून करार व्हायच्या आधी पॅन आणि मुलाचं खातं, दोन्ही काढून ठेवा.

अमेरिकेत हे १९३९पासून आहे. ‘द किड’मधल्या जॅकी कूगनची लहानपणची लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र बापाने उडवली. खटला भरून त्याच्या हाती आले जेमतेम सव्वा लाख. त्यावरून कॅलिफोर्नियात कायदा झाला. तिथे आता १५ टक्के बाजूला ठेवतात.

खर्डेघाशी:
नियमावली, हे सगळं चौदापर्यंतच ना? मग रीळवाला म्हणतात ती गळतीची वर्षं, चौदा ते अठरा, तिथे ही २० टक्क्यांची सक्ती नाही?

नियमावली:
नाही. त्या वयात हे कलम लागू होत नाही. करारात स्वतःहून लिहून घ्यावं लागतं.